वीज आली की आपोआप

आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे, हे आज कुणालाही घरात लोळत लोळत फोनवर दिसतं. पाणी कमी झालं की पंप आपला आपण चालू होतो आणि टाकी भरली की बंद होतो. हे मी केलं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत वाचून माझ्याबद्दल गैरसमज होण्याची दाट शक्यता आहे.

पूर्वी पंप कुणी चालू करायचा यावरून इमारतीत रोज भांडण व्हायचं. बंद कुणी करायचा यावरून कधीच व्हायचं नाही, कारण तो कुणीच बंद करत नसे आणि वरच्या मजल्याच्या भिंती बाराही महिने ओल्या असत. मी विमा कचेरीतला माणूस. माझं कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल, तर कचेरीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला होता आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्यासमोर बसून राहायची सवय होती, एवढंच. पण एकदा मनावर घेतलं की मी कुणाचं ऐकत नाही. टाकीत एक तरंगणारा गोळा सोडला. त्याची खबर खाली पाठवायला गच्चीवर एक डबी बसवली. आणि ती खबर ऐकून पंप हलवणारा, सगळ्यांच्या फोनवर आकडा दाखवणारा प्रोग्रॅम लिहून मीटरच्या खोलीत त्या कॉम्प्युटरवर ठेवला. न थकता, न बोलता सगळ्यांना हवं ते देत राहणाऱ्याला सर्व्हर म्हणतात, असं मी बायकोला समजावून सांगितलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा कपड्यांच्या घड्या घालू लागली.

प्रोग्रॅमचं नाव मी मोठ्या हौसेने ‘जलसेवक’ ठेवलं होतं. इमारतीने ते एकदाही घेतलं नाही. सगळे त्याला ‘तुमचा तो’ म्हणतात. "तुमचा तो बरा आहे ना आज?" असं जिन्यात विचारतात, आणि तेही वाया गेलेल्या पोराच्या बापाला विचारावं अशा आवाजात.

त्यात एक मेख होती. वीज गेली की कॉम्प्युटर बंद पडायचा, आणि वीज आली की दिवे, लिफ्ट, शेजाऱ्यांचे टीव्ही, सगळे विनातक्रार कामाला लागायचे. माझा तो मात्र मी खाली जाऊन त्याला उठवेपर्यंत ढिम्म. मी गेलो नाही तर पंप नाही, पंप नाही तर पाणी नाही, आणि पाणी नसलं की माणसाचं शिक्षण, संस्कार, सगळं किती पातळ असतं ते कळतं. आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही. त्यामुळे मला गाव सोडण्याची सोय उरली नाही.

आमची मुलगी परगावी गुरांच्या डॉक्टरकीला होती. मागे तिला बक्षीस मिळालं, तेव्हा आम्ही दोघं समारंभाला निघालो. बस स्टँडवर पोचलो, खिडकीजवळची जागा धरली, आणि इमारतीच्या चिटणिसांचा फोन आला. "वीज येऊन केव्हाची झाली, तुमचा तो झोपलाय आणि माझ्या डोक्याला साबण आहे." मी उतरलो. बायको एकटी गेली. मुलगी त्यावर चिडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग पदवीदानाची तारीख ठरली. तिचा फोन आला. "बाबा, सगळ्या वर्गाच्या वतीने शपथ मी वाचणार आहे. आईचं तिकीट काढतेय. तुमचं काढू, की तुम्ही तुमच्या त्याला विचारून सांगता?"

"काढ," मी म्हणालो.

"नक्की ना? परत करताना अर्धेच मिळतात."

पोटच्या पोरीने बापाला असं विचारावं, ही वेळ आपणच आणली हे कळायला मला कुणाची गरज नव्हती. मी फोन ठेवला आणि जाहीर केलं, की इथून पुढे वीज आली की माझा प्रोग्रॅम आपोआप सुरू होईल. बायको म्हणाली, "बरं." या ‘बरं’चा अर्थ लग्न झालेल्या माणसाला सांगावा लागत नाही.

पहिला सल्ला मेहुण्याचा. तो मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि जगातलं कुठलंही काम त्याच्या मते पाच मिनिटांचं असतं. "भाऊजी, पाच मिनिटांचं काम. कॉम्प्युटर उघडला की कुठले प्रोग्रॅम चालू करायचे त्याची एक यादी असते. त्यात तुमचा तो टाकायचा." मी टाकला. वीज गेली, आली, आणि कॉम्प्युटरच चालू झाला नाही. कारण वीज आल्यावरसुद्धा कुणी बटण दाबल्याशिवाय उठायचं नाही, अशी त्याला कारखान्यातूनच शिकवण होती. ती शिकवण बदलण्यात माझी एक अख्खी सुट्टी गेली. मेहुणा म्हणाला, "अरे हो, ते सांगायचं राहिलं."

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा मी कचेरीत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या हेडमास्तरांचा फोन आला. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचतो आणि कान मात्र पहिल्या बाकाचंही ऐकत नाहीत. ते म्हणाले, "कॉम्प्युटर चालू आहे, पण पासवर्ड मागतोय. सांगा, मी घालतो."

म्हणजे नाव सांगून आत शिरल्याशिवाय ती यादी उघडतच नव्हती. मी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि फोनवर हात धरून सांगितलं, "मीच शहाणा."

"असाल. पासवर्ड सांगा."

"तोच पासवर्ड आहे. मीच शहाणा, आणि त्यापुढे एक."

"मीच शहाणा एक," हेडमास्तरांनी वर्गाला श्रुतलेखन घालावं तसं एकेक अक्षर सोडवून म्हटलं. मीटरची खोली जिन्याच्या तळाशी आहे. जिना वरपर्यंत आवाज छान नेतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईंनी मला पाहून पदर तोंडाला लावला, आणि दुधाच्या दुकानात माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, "आधी यांना द्या, हेच शहाणे आहेत." पासवर्ड मी त्याच दिवशी बदलला. पण लोकांची आठवण कुठे बदलता येते?

मग मी मेहुण्याचा नाद सोडला आणि पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, की असा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या आतल्या यंत्रणेच्या स्वाधीन करायचा असतो. कुणी आत शिरो न शिरो, यंत्र जागं झालं की तीच त्याला उठवते. सार्वजनिक नळाला पाणी यायला नगराध्यक्ष यावे लागत नाहीत, तसंच हे. मी तशी व्यवस्था केली. शिवाय उठल्याची वर्दी सगळ्यांच्या फोनवर जावी म्हणून एक मेसेजही जोडला: ‘मी पुन्हा सुरू झालो आहे. काळजी नसावी.’ हा मजकूर मी बराच विचार करून लिहिला होता. त्यात नम्रता आणि आत्मविश्वास यांचा तोल साधला आहे, असं मला अजूनही वाटतं.

कमिटीसमोर प्रात्यक्षिक झालं. चिटणिसांनी स्वतःच्या हाताने प्लग उपटला, थोडा वेळ थांबले, पुन्हा खुपसला. सगळे श्वास रोखून उभे. आणि एकेकाचा फोन वाजला. काळजी नसावी. टाकीचा आकडा झळकला, पंप घुमला. माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. हेडमास्तरांनी अनुमोदन दिलं. मी घरी येऊन मुलीला फोन केला आणि माझं तिकीट परत करायचं मनातही आणू नकोस म्हणून सांगितलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली. आयुष्यात इतकी छान झोप लागली की समजावं, काहीतरी राहून गेलं आहे.

आठवड्यात खरीखुरी वीज गेली. आली. सगळ्यांच्या फोनवर मेसेज आला, काळजी नसावी. आणि पाणी आलं नाही. चिटणीस दारात येऊन उभे राहिले. "तुमचा तो मी उठलो म्हणून सांगून पुन्हा झोपलाय. आमच्याकडे थोरला असंच करतो."

झालं होतं असं. प्लग काढला तेव्हा फक्त कॉम्प्युटर बंद पडला होता. गच्चीवरची डबी जागीच होती. वीज गेली की दोघंही बंद पडतात. वीज आल्यावर माझा तो ताडकन उठायचा, काळजी नसावी म्हणायचा आणि डबीला टाकीची खबर विचारायचा. डबी आळसट, तिला जागं व्हायला वेळ लागतो. उत्तर आलं नाही की हा कोलमडायचा. यजमान उठायच्या आत पाहुण्याने दार वाजवावं आणि रुसून निघून जावं, तसला हा प्रकार.

मला जिन्यात हताश बसलेला पाहून हेडमास्तर जवळ आले. "पडतो ना? मग पडला की उभा करा. परत पडला, परत उभा करा. जन्मभर मी दुसरं काय केलं?" आणि नवल म्हणजे यंत्रणेत खरोखरच तशी सोय होती. प्रोग्रॅम पडला रे पडला की त्याला पुन्हा उठवायचा, कितीही वेळा. मी ती एक ओळ घातली. हेडमास्तरांच्या शिक्षणपद्धतीवर माझा विश्वास बसला.

त्यानंतर वीज गेली ती नेमकी चिटणिसांच्या कचेरीत शोकसभा चालू असताना. त्यांचे जुने साहेब गेले होते. समोर हार घातलेला फोटो, पहिल्या रांगेत साहेबांची माणसं, आणि सगळे मौन धरून उभे. आता चिटणिसांची नजर अधू असल्यामुळे त्यांचा फोन नुकताच आलेले मेसेज मोठ्याने वाचून दाखवू लागला होता, हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. इकडे इमारतीत वीज आली. माझा तो उठला, बोलला, पडला. यंत्रणेने उठवला. उठला, बोलला, पडला. आणि तिकडे त्या शांततेत, फोटोतून यावा तसा, एक खणखणीत आवाज म्हणू लागला, "मी पुन्हा सुरू झालो आहे. काळजी नसावी." चिटणिसांनी खिसा चाचपला. "मी पुन्हा सुरू झालो आहे. काळजी नसावी." फोन बंद करण्यासाठी बाहेर काढला, तेव्हा तो अधिकच स्पष्ट ऐकू आला. साहेबांच्या धाकट्या भावाला म्हणे खाली बसवून पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी कमिटी बसली. मला उभं ठेवलं होतं. चिटणीस शांतपणे बोलत होते, आणि ओरडणाऱ्या माणसापेक्षा असा माणूस जास्त भीतिदायक असतो. "यापुढे एकदा. फक्त एकदा वीज गेली आणि हा बसला किंवा बडबडला, तर कॉम्प्युटर खोलीबाहेर. आणि पदवीदानाला जाणार म्हणता, ते जा. पण तुम्ही तिकडे आणि आम्ही इकडे बादल्या घेऊन, असं झालं तर परत आल्यावर पंप रोज तुम्ही हाताने चालू करायचा."

मान खाली घालून मी मीटरच्या खोलीत गेलो आणि त्या प्रोग्रॅमला एकच गोष्ट शिकवली. आधी डबीला हाक मारायची. तिने ओ देईपर्यंत गप्प बसायचं. टाकीचा आकडा हातात आला की मगच तोंड उघडायचं. बोलण्याआधी आपल्याजवळ सांगण्यासारखं काही आहे का ते बघावं, हे मला लहानपणी कुणी शिकवलं असतं तर मी पासवर्डसुद्धा निराळा ठेवला असता.

आता राहिली परीक्षा. तुम्ही म्हणाल, प्लग काढून बघायचा. पण प्लगच्या परीक्षेत तो आधीच पहिला आला होता. सगळं एकदम जाऊन एकदम येतं तेव्हा त्याची तारांबळ उडायची, म्हणजे अख्ख्या इमारतीची वीज जायला हवी होती. मुख्य स्विचला वीज कंपनीचं सील. म्हणून मी कंपनीच्या कचेरीत गेलो.

खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "वीज नाही?"

"आहे."

"बिल जास्त आलंय?"

"बरोबर आलंय."

बाईंनी मान वर केली. असा ग्राहक त्यांनी पाहिला नसावा. "मग काय हवंय?"

"थोडा वेळ वीज घालवून हवी आहे."

"वीज गेल्याची तक्रार इथे घेतो. ती असल्याची तक्रार घेत नाही."

"अहो, तुम्ही न मागता इतक्यांदा घालवता. मी एकदा मागतोय."

"न मागता जाते ती आपली जाते," बाई म्हणाल्या. "मागून घालवायची तर साहेबांची सही लागते."

साहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला. कारण या शब्दापुढे मी ‘सराव’ असं लिहिलं होतं. "सराव कुणाचा? तुमचा की विजेचा?" असं विचारून त्यांनी तो पुढे पाठवला. मंजुरी मिळाली, पण पदवीदानानंतरच्या तारखेची.

मला वाटलं, काही बिघडत नाही, तोवर वीज आपणहून जाईलच. आणि इथे विजेने मला खरा इंगा दाखवला. वर्षानुवर्षं ऊठसूट पळून जाणारी ती बया त्या दिवसांत घराबाहेर पाऊल टाकीना. वारा सुटला, माझ्या आशा पल्लवित झाल्या, वारा पडला. दिवे जसेच्या तसे. कचेरीतून आलो की मी खुर्ची टाकून बल्बकडे बघत बसायचो. शेजारीपाजारी खुशीत होते. "हल्ली वीज अगदी जात नाही हो," असं कुणी म्हणालं की मला रडू यायचं बाकी राहायचं. निघायचा दिवस उजाडला आणि माझ्या त्याची परीक्षा झालीच नव्हती.

दारात बॅगा ठेवून मी पुन्हा एकदा मीटरच्या खोलीकडे वळलो. बायकोने माझी बॅग उचलून माझ्या हातात दिली. "मी जाऊन आलेय. नीट वाग म्हणून सांगितलंय त्याला. चला."

बसमध्ये मी फोन हातात धरून बसलो. तो वाजला नाही. लॉजवर पोचलो, तरी वाजला नाही. रात्रभर उशीखाली ठेवला. सकाळी समारंभाच्या सभागृहात शिरताना बायको म्हणाली, "तो बंद करा." मी आवाज बंद केला, थरथर चालू ठेवली. संसारात असे मधले मार्ग काढावे लागतात.

भाषणं झाली. मग नाव पुकारलं गेलं आणि आमची मुलगी झग्याचा घोळ सावरत माइककडे निघाली. त्याच क्षणी माझ्या खिशात थरथरलं. चिटणीस. दुसरं कोण? मनातल्या मनात मी बस स्टँडचा रस्ता आठवू लागलो, आणि मग ठरवलं की नाही. बादल्या उचलायच्या त्यांनी उचलाव्यात. आल्यावर जन्मभर पंप चालू करीन, पण ही शपथ ऐकल्याशिवाय मी खुर्ची सोडणार नाही. एवढं ठरवूनच मी फोन बाहेर काढला.

‘मी पुन्हा सुरू झालो आहे. काळजी नसावी.’ खाली टाकीचा आकडा, पंप चालू. मी दुसऱ्या मेसेजची वाट पाहिली. तो आला नाही. वीज गेली होती, आली होती, आणि माझा तो कुणाच्याही हाताशिवाय उठून, डबीसाठी थांबून, एकदाच आणि खरं बोलला होता. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवू लागलो. मुलीने अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. बायको माझा कोट खाली ओढत होती. पण बाप भारावलाय असं वाटून मागची रांग उठली, मग तिच्यामागची, आणि अख्खं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि तिचे कान लाल झाले.

मग तिने शपथ वाचली. ज्याला आपलं दुखणं सांगता येत नाही, त्याचं दुखणं मी ओळखीन, अशी सुरुवात होती. आवाज जरा कापत होता, पुढे स्थिर झाला. मी मध्ये फोनकडे पाहिलं नाही. पाहावंसं वाटलंही नाही. शेवटी सगळा वर्ग तिच्यामागून म्हणत होता आणि मला समोरचं धूसर दिसत होतं.

बाहेर आल्यावर मात्र राहवलं नाही. हेडमास्तरांना फोन लावला. "वीज गेली होती ना? पाणी आहे?"

"आहे की. का हो? येऊन विचारायचं सोडून फोन कशाला करताय?"

"मी परगावी आलोय, मास्तर. कालपासून."

"असं होय? कुणाला पत्ताच नाही," ते म्हणाले आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागले. ज्या इमारतीचं माझ्यावाचून पान हलत नव्हतं, तिला मी नसल्याचं कळलंसुद्धा नाही. माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. थोडं दुखलंही, नाही म्हणत नाही.

तेवढ्यात झग्यासकट मुलगी धावत आली आणि मला हाताला धरून तिच्या प्राध्यापकांसमोर घेऊन गेली. तिच्या बापाबद्दल सांगण्यासारखं त्या दिवशी पुष्कळ होतं. कचेरीतला हुद्दा होता, टाकी होती, पंप होता, अख्ख्या इमारतीला आपोआप पाणी देणारा सर्व्हर होता. मी छाती पुढे काढून तयारच होतो.

"सर, हे माझे बाबा," ती म्हणाली. "आलेत."

सरांनी हसून मान डोलावली. टाकीचं आणि पंपाचं सांगायचं राहूनच गेलं. फोटो काढणारा जरा सुटे उभे राहा म्हणेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.